लाकडाला तेल पाजा, पण आधी ते वाळवा



मे महिना निम्मा सरला की आपल्या खानापूर भागात घरोघरी एकच धांदल उडते. जळण आत घ्यायचे, कौले परतायची, गोठ्यावरचे छप्पर शाकारायचे, पडवीला आडोसा बांधायचा. वळवाचे दोन शिडकावे होऊन गेलेले असतात आणि कणकुंबी-जांबोटीकडे ढगांची दाटी दिसू लागलेली असते. मग कोणीतरी गॅरेजमधून काळ्या ऑइलचा डबा आणतो. जुन्या बनियनचा बोळा करून दाराची चौकट, गोठ्याचे खांब, वासे, झालेच तर गाडीचे जू, जे समोर येईल त्याला ते काळे ऑइल फासले जाते. घरधनी हात पुसतो आणि म्हणतो, "चला, यंदाची काळजी मिटली!"

माझे स्पष्ट मत असे आहे की, काळजी मिटत नाही, ती वाढते. हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः अनेक वर्षे हेच केले आहे. माझ्या गोठ्याचे आंब्याचे वासे मी दर वर्षी काळे केले आणि तरीही ते सातव्या वर्षी कुजून खाली आले. सुदैवाने त्या वेळी जनावरे रानात होती. वासे उतरवले तेव्हा आमचे सुतारमामा हजर होते. त्यांनी एक वासा पटाशीने फोडून दाखवला. वरून बोटभर काळा, कोरडा थर आणि आत भिजलेल्या भुशासारखे पांढरे लाकूड. मामा म्हणाले, "तू पाणी बाहेर ठेवलं नाहीस, आत कोंडलंस. भिजलेल्या पोराचे कपडे न बदलता वरून घोंगडी पांघरलीस, तर त्याला ताप येणार नाही तर काय?"

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. म्हणून लाकूड कसे भिजते आणि तेल नेमके काय करते हे आपण प्रथम समजून घेऊ.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी आहे. झाड जिवंत असताना याच नळ्यांतून मुळांचे पाणी वर जाते. झाड तोडले तरी नळ्या राहतातच. म्हणून फळीच्या अंगावर पडलेले पाणी हळूहळू मुरते, पण तिच्या कापलेल्या टोकातून ते कितीतरी पट वेगाने आत शिरते. आपल्या घरातील दाराची चौकट बघा. ती कधीही मधोमध कुजत नाही. ती कुजते उंबरठ्यापाशी, जिथे तिचे पाय ओल्या जमिनीला टेकलेले असतात. वासा कुजतो तो वळचणीखालच्या टोकाला. आणि आपण ऑइल फासतो ते डोळ्यांना दिसणाऱ्या अंगाला! टोके मात्र कोरडीच राहतात.

नुसते पाणी लाकडाला कुजवत नाही. कुजवते ती बुरशी. या बुरशीला जगण्यासाठी हवा, ऊब आणि ओल या तिन्ही गोष्टी लागतात. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल, तर बुरशीला तिथे वाढता येत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचले की तिचे फावते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात पाणी याहून पुष्कळ अधिक असते. असे ओले लाकूड बाहेरून बंद केले की बुरशीला ओलही मिळते आणि निवाराही मिळतो. माझ्या वाशांचे हेच झाले होते.

आता काळ्या ऑइलबद्दल. लोक म्हणतात, "ते फुकट मिळते." मी म्हणतो, फुकट मिळते म्हणूनच ते महाग पडते. पहिली गोष्ट, हे ऑइल कधीच सुकत नाही. पावसाबरोबर ते थोडे थोडे धुऊन अंगणात, परसात आणि शेवटी विहिरीत उतरते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इंजिनात तापून आणि जळून त्या तेलात बेंझोपायरीनसारखे पदार्थ तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था बेंझोपायरीनची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत करते. शिवाय इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूंचे कण त्यात असतातच. असे तेल आपण उघड्या हातांनी फासतो, मुले त्या खांबांना मिठ्या मारतात, कोंबड्या तिथेच दाणे टिपतात. ज्या जवाला ते लावतो ते जू बैलाच्या मानेवर दिवसभर घासते. मानेला सूज आली, कातडी सोलली, की आपण जवाच्या लाकडाला किंवा बैलाच्या नशिबाला दोष देतो. तेलाकडे बोट दाखवणारा विरळाच.

मग लावायचे तरी काय? आपल्या वाडवडिलांकडे याचे उत्तर होते आणि ते शेतातूनच येत होते. परंतु सर्व तेले सारखी नसतात. इथेच पुष्कळांची चूक होते. तेलांचे दोन वर्ग लक्षात ठेवावेत: सुकणारी तेले आणि न सुकणारी तेले.

सुकणाऱ्या तेलांत आपल्या हाताशी असलेले उत्तम तेल म्हणजे जवसाचे, ज्याला आपल्याकडे अळशीचे तेलही म्हणतात. हे तेल उन्हाने आटत नाही. ते हवेतील प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होऊन त्याची चिवट साय बनते. पूर्वीचे तैलरंग याच गुणावर उभे होते. जवसाचे तेल लाकडाच्या नळ्यांत शिरते आणि तिथेच घट्ट होते, त्यामुळे पाण्याची वाट अरुंद होते. मात्र ते पाणी पूर्णपणे अडवत नाही. पाणी आत जाण्याचा वेग ते कमी करते एवढेच. परंतु पाऊस आणि उघडीप यांच्या खेळात वेग कमी होणे हेच महत्त्वाचे असते. लाकूड पूर्ण भिजण्याआधी उघडीप मिळाली की ते पुन्हा सुकते.

खोबरेल, शेंगतेल, कडुनिंबाचे आणि करंजाचे तेल हा दुसरा वर्ग. ही तेले लाकडात घट्ट होत नाहीत. लावल्यावर चार दिवस पाणी ओघळून जाताना दिसते आणि आपण खूश होतो, पण ती पुढे धुऊन जातात किंवा धूळ धरून बसतात. कडुनिंब आणि करंज यांच्या कडूपणामुळे किडींना अटकाव होतो हे खरे. म्हणून घरातल्या कोरड्या फळ्यांना ती जरूर लावा. पण पावसाच्या तोंडावर असलेल्या लाकडाचा भार त्यांच्यावर टाकू नका. आणि ही तेले जवसात मिसळून "दोन्ही गुण" मिळवण्याच्या नादी लागू नका. न सुकणारे तेल मिसळल्यास जवसाचे तेलही नीट सुकत नाही आणि लाकूड चिकट राहते.

तिसरे तेल आपल्या घाटमाथ्याचे आणि कोकणपट्टीचे खास: काजूच्या टरफलाचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आपल्या किनाऱ्यावर आणला. आज खानापूर, चंदगड, गोवा, सिंधुदुर्ग या सगळ्या पट्ट्यात त्याच्या बागा आहेत. आपण गर विकतो आणि टरफल जाळतो. वास्तविक त्या टरफलात जे दाट, तपकिरी तेल असते, ते पश्चिम किनाऱ्यावरचे मच्छीमार होड्यांना आणि जाळ्यांना पूर्वीपासून लावत आले आहेत. खाऱ्या पाण्यात होडी टिकवणारे तेल आपल्या गोठ्याच्या खांबाला का नको? हे तेल लाकडात घट्ट होते आणि त्यातील तिखट द्रव्यांमुळे बुरशी व कीड यांनाही ते मानवत नाही. जवसाच्या तेलावर दमट जागी काळी बुरशी चढू शकते. काजूचे तेल तिथे सरस ठरते. म्हणून माझे मत असे की, पावसात उघड्या पडणाऱ्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल आणि हाताळल्या जाणाऱ्या लाकडाला जवसाचे तेल, अशी सरळ वाटणी करावी.

परंतु इथे आरोग्याच्या दृष्टीने एक कडक इशारा दिला पाहिजे. बिब्बा, आंबा आणि काजू ही एकाच कुळातील झाडे. बिब्बा उतल्याने किंवा कैरीचा चीक लागल्याने कातडी कशी भाजते हे घरोघरी ठाऊक आहे. काजूच्या टरफलाचे कच्चे तेल तसेच, किंबहुना अधिक पोळते. कारखान्यात तापवून काढलेले तेल थोडे सौम्य असते, कारण तापवल्याने त्यातील दाहक आम्ल बरेचसे बदलते. तरीही ते निर्धोक नव्हे. यास्तव रबराचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब दांड्याचा ब्रश यांवाचून त्याला हात लावू नये. हातापायांना आधी खोबरेल चोळावे. अंगावर थेंब पडल्यास लगेच साबणाने धुवावे, डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठावा. घरच्या घरी टरफले भाजून तेल काढण्याचा उद्योग तर मुळीच करू नये, कारण त्याचा धूरही डोळ्यांना व छातीला बाधतो. तयार तेल टरफलांचे तेल गाळणाऱ्या कारखान्यांतून मिळते, ते चौघांनी मिळून आणावे. आणि पाळणा, काठवट, गव्हाण, धान्याची कणगी, दाराची कडी-मूठ यांना हे तेल कदापि लावू नये. जनावर गव्हाण चाटते आणि मूल पाळणा चावते, हे विसरून चालणार नाही.

काठवट, पाट, लाटणे, रवी अशा स्वयंपाकातील वस्तूंना घाण्यावरचे खाण्याचे कच्चे जवस तेल लावावे. रंगाच्या दुकानात "बॉइल्ड" म्हणून जे जवस तेल मिळते ते लवकर सुकते खरे, पण ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते खिडक्या-दारांना चालेल, भाकरीच्या काठवटीला चालणार नाही. कच्चे तेल सुकायला आठ-दहा दिवस, दमट हवेत त्याहूनही अधिक घेते. तेवढा धीर धरावा.

आता कामाची रीत. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लाकूड वाळवणे. लाकूड वाळले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्याच लाकडाचा हातभर लांबीचा एक तुकडा बाजूला काढा आणि दर आठ दिवसांनी वाण्याच्या काट्यावर त्याचे वजन करून भिंतीवर लिहून ठेवा. वजन उतरायचे थांबले की लाकूड हवेइतके कोरडे झाले असे समजावे. मोठ्या तुळईला याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. तिला एक उन्हाळा पुरत नाही. फळ्या वाळवताना जमिनीवर टाकू नयेत. खाली दगड, मध्ये आडव्या पट्ट्या आणि वर सावली, अशी रचून ठेवाव्यात. कडक उन्हात टाकलेली फळी वरून पटकन सुकते आणि तडकते.

दुसरे, जुने लाकूड असेल तर आधी धूळ, शेवाळ आणि सुटलेला रंग खरवडून काढावा. कुजलेला भाग तासून टाकावा. त्यावर कितीही तेल पाजले तरी तो परत जिवंत होत नाही.

तिसरे, टोकांपासून सुरुवात करावी. चौकटीचे पाय बसवण्यापूर्वी ते तेलाच्या डब्यात रात्रभर उभे करून ठेवावेत. कुदळ, फावडे, खोरे यांच्या दांड्यांनाही असेच करावे. जो दांडा एका पावसाळ्यात फुगून, सुकून, शेवटी खिळखिळा होतो, तोच अशा रीतीने पुष्कळ जास्त टिकतो.

चौथे, हात पातळ द्यावा. जवसाच्या तेलाच्या पहिल्या हातात निम्मे टर्पेंटाइन घालावे, म्हणजे तेल खोल जाते. टर्पेंटाइनही चीड झाडाच्या डिंकापासूनच निघते. ते उघड्यावर वापरावे, चूल आणि विडी दूर ठेवावी. अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. पुसले नाही तर लाकूड महिनाभर चिकटते. पहिला हात पूर्ण सुकल्यावर दुसरा आणि नंतर तिसरा, हे दोन्ही नुसत्या तेलाचे. माझ्या अनुभवात एका दाराच्या चौकटीला तीन हातांसाठी अर्धा लिटर तेल पुरून उरते. पुढे दर वर्षी एक हात दिला की भागते.

पाचवी गोष्ट जिवावर बेतणारी आहे म्हणून ती वेगळी सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून गोठ्यात, गवताच्या गंजीजवळ किंवा माळ्यावर टाकू नयेत. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी एकेक सुटी करून उघड्यावर वाळत घालावीत किंवा पाण्यात बुडवून मग पुरावीत.

काही वाचक म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? बाजारात लाकडाची रासायनिक औषधे आहेत, ती आणावीत." त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे जगभर गाजलेले औषध आपल्याच देशात, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसन या शास्त्रज्ञाने १९३३ साली शोधून काढले. त्याने तारांचे खांब आणि पुलांची लाकडे दीर्घकाळ टिकली. पण त्यातील आर्सेनिक म्हणजे सोमल. त्यामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी त्याचा वापर उत्पादकांनी थांबवला. शिवाय असे औषध कारखान्यातील टाकीत दाब देऊन लाकडात मुरवावे लागते. घरी ब्रशने फासून तो गुण येत नाही, विषाची बाधा मात्र होऊ शकते. जमिनीत पुरायच्या खांबाचा प्रश्न असेल, तर मी प्रामाणिकपणे सांगतो, कोणतेही वनस्पतीचे तेल तिथे पुरे पडणार नाही. तिथे दगडी किंवा सिमेंटचा खांबच उभा करावा.

आपले जुने सुतार हे ओळखून होते. म्हणून त्यांनी लाकडी खांब कधी जमिनीत पुरला नाही, तो तळखड्यावर उभा केला. छपराची वळचण लांब ठेवली, म्हणजे पागोळी भिंतीपासून आणि खांबापासून दूर पडावी. सागाचा किंवा किंदळाचा गाभा बाहेर वापरला आणि कडेचा पांढरा भाग तासून टाकला, कारण कूज आणि कीड आधी त्या पांढऱ्या भागालाच लागते. आज आपण तळखडा काढून चौकट थेट ओल्या फरशीत रोवतो, वळचण आखूड करतो आणि मग डब्यातल्या तेलाकडून चमत्काराची अपेक्षा करतो. तेल ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. आधी पाणी दूर ठेवा, मग लाकूड वाळवा आणि मग तेल पाजा.

दुसरे कोणी म्हणतील, "लाकडाची कटकटच नको. लोखंडी चौकट बसवू." ज्याला परवडेल त्याने बसवावी. पण लोखंडही आपल्या पावसात गंजतेच, त्यालाही दर दोन-तीन वर्षांनी रंग लागतोच. आणि घरात जे लाकूड आज उभे आहे त्याचे काय? ते आजोबांच्या काळी रानातून आले. आता तसे येणार नाही. २०११ साली आपल्या तालुक्यातील भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाले. रान राखले पाहिजे हे सर्वांना पटते, कारण मलप्रभा त्याच डोंगरांत उगम पावते. मग रान राखायचे असेल तर घरातले लाकूडही राखले पाहिजे. सागाच्या झाडाला चांगला गाभा धरायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते. ते लाकूड सात-आठ वर्षांत कुजवणे म्हणजे एका पिढीची ठेव उधळणे होय.

म्हणून माझी सूचना अशी. हे काम मेच्या शेवटी, ढग बघून करू नका. मार्च-एप्रिलमध्ये करा, जेव्हा लाकूड सर्वांत कोरडे असते आणि तेल सुकायला ऊन मिळते. वाडीतील पाच-सहा घरांनी मिळून तेलाचा एक डबा आणावा. एका सुट्टीच्या दिवशी सुतारमामांना बोलावून एका घरी सर्वांनी काम शिकून घ्यावे. तरुण मंडळींनी हवे तर आपल्या चर्चच्या पश्चिमेकडील खिडक्यांपासून सुरुवात करावी. पावसाचा मारा त्यांनाच पहिल्याने बसतो, आणि तिथे केलेले काम सर्वांच्या डोळ्यांसमोर राहील.

माझ्या गोठ्यावर आता किंदळाचे वासे आहेत. दोन उन्हाळे वाळवून, टोके तेलात भिजवून मगच ते चढवले. दर पावसाळ्यानंतर मी शिडी लावून वळचणीखालची टोके पटाशीने टोचून बघतो. अजून तरी पटाशी आत शिरलेली नाही. तुम्हीही आज आपल्या दाराच्या चौकटीचा पाय एकदा टोचून पाहा. पटाशी सहज आत गेली, तर काळ्या ऑइलचा डबा आणायला धावू नका. आधी पाणी कुठून येते ते शोधा.